टोकियोत सिनेमाला जायचं म्हणजे

जपानला नवीन आलेल्या माणसाला वॉर्ड ऑफिसात पत्ता कसा नोंदवायचा, आरोग्य विमा कसा काढायचा, कुठला कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा हे सांगणारे शंभर जण भेटतात. सिनेमाला कसं जायचं हे मात्र कोणी सांगत नाही. मग बरेच जण जातच नाहीत. टोकियोतल्या निशीकासाईत माझ्या ओळखीची अशी मराठी घरं आहेत, ज्यांनी इथे पाच-सहा वर्षं काढूनही थिएटरची पायरी चढलेली नाही. "भाषा येत नाही, तिकीट महाग, आणि घरी ओटीटी आहेच की," एवढ्यावर विषय संपतो. ज्यांना जायचंय पण धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी मूळची सांगलीची, नोकरीला पुण्यात. सिनेमा म्हणजे माझ्यासाठी आठवड्याचा बाजार, चुकला की चुकल्यासारखं वाटायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने टोकियोला पाठवलं. पहिले काही आठवडे घर, फोन, बँक यातच गेले. ऑक्टोबरच्या शेवटी जरा श्वास घेतला आणि पहिला प्रश्न पडला तो हाच: इथे सिनेमाला जायचं कसं?

तिकिटाच्या आधीची अडचण म्हणजे सिनेमा शोधणं. इथे परदेशी सिनेमाला पुष्कळदा वेगळंच जपानी नाव असतं आणि थिएटरच्या यादीत तेवढंच दिसतं. 'थ्री इडियट्स' इथे २०१३ मध्ये 'कित्तो, उमाकु इकु' या नावाने लागला होता. पुण्याच्या शशी गोडबोलेचा 'इंग्लिश विंग्लिश' २०१४ मध्ये 'मादामु इन न्यूयोकु' होऊन आला. आता हे कोणी ओळखायचं? माझी युक्ती अशी: विकिपीडियावर सिनेमाचं इंग्रजी पान उघडायचं, भाषांच्या यादीतून जपानी पानावर जायचं, तिथलं नाव उचलायचं आणि 'एइगा डॉट कॉम' या संकेतस्थळावर टाकायचं. तिथे प्रांतवार, थिएटरवार खेळांच्या वेळा मिळतात. ब्राउझरचं भाषांतर चालू ठेवलं तरी काम भागतं, फक्त भाषांतर झालेल्या नावांवर विश्वास ठेवायचा नाही. नवे सिनेमे शुक्रवारी लागतात आणि पुढच्या आठवड्याच्या वेळा साधारण मंगळवार-बुधवारकडे जाहीर होतात. त्यामुळे "पुढच्या रविवारी जाऊ" असं सोमवारी ठरवायला बसलं, तर यादी रिकामी दिसते. सिनेमा उतरला असं समजू नका, दोन दिवस थांबा.

जगभर लागलेला सिनेमा इथे त्याच दिवशी लागेल अशीही अपेक्षा नको. 'ओपनहायमर' बाकी जगात जुलै २०२३ मध्ये आला, जपानमध्ये २९ मार्च २०२४ ला. हे टोकाचं उदाहरण झालं, पण महिना-दोन महिन्यांचा उशीर काही नवा नाही.

दुसरी पायरी आवृत्तीची. परदेशी सिनेमाच्या नावापुढे कंसात किंवा चौकटीत दोन चित्राक्षरं असतात. 'जिमाकु' म्हणजे मूळ आवाज आणि खाली जपानी पाट्या, 'फुकिकाए' म्हणजे जपानी डबिंग. ही दोन चिन्हं ओळखायला शिकलात की निम्मी लढाई जिंकलात. मी ती फोनमध्ये चित्र म्हणून साठवून ठेवली होती आणि प्रत्येक खेळाशी ताडून बघायचे. मुलांचे सिनेमे, ॲनिमेशन, सुपरहिरो यांचे दिवसाचे खेळ बहुतेक डब केलेले असतात. मूळ आवाजातला एखादाच खेळ, तोही रात्री. रात्रीच्या वेळापत्रकात '२५:१०' असं काही दिसलं तर दचकू नका, त्याचा अर्थ रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं. इकडे दिवस मध्यरात्री संपत नाही, शेवटचा खेळ संपला की संपतो. पण लोकल मात्र मध्यरात्रीच्या आसपास बंद होते, तेव्हा संपण्याची वेळ आणि शेवटची गाडी या दोन्ही गोष्टी बघूनच तिकीट काढा. घरात अठराच्या आतलं कोणी असेल तर आणखी एक नियम: टोकियोत रात्री अकरानंतर संपणाऱ्या खेळाला त्यांना प्रवेश नाही, आईवडील बरोबर असले तरी नाही.

आता तिकीट. निशीकासाईहून तोझाई लाइनने किबा तीन स्टेशनं. तिथल्या मल्टिप्लेक्सपासून सुरुवात करायची असं मी ठरवलं, कारण परत येताना गाडी बदलावी लागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठ्यांचं नेहमीचं तिकीट १९०० येन होतं, म्हणजे त्या वेळच्या दराने अकराशे रुपयांच्या आसपास. हा आकडा बघून मी संगणक बंद केला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला.

ऑनलाइन तिकिटाचा फॉर्म हा एक स्वतंत्र अध्याय आहे. नाव कातकानात हवं, म्हणजे परदेशी नावं ज्या जपानी लिपीत लिहितात तिच्यात. आडनाव एका चौकटीत, नाव दुसऱ्या चौकटीत, अक्षरं पूर्ण रुंदीची. अर्ध्या रुंदीची टाकली की खाली लाल ओळ येते, आणि ती ओळ भाषांतरात "कृपया योग्यरित्या प्रविष्ट करा" एवढंच सांगते. कुठे अयोग्य आहे ते तुम्ही शोधा. फोनचा कीबोर्ड जपानीवर टाकून लिहिलं की अक्षरं आपोआप पूर्ण रुंदीची येतात, लॅपटॉपवर बहुधा तोच घोळ होतो. नाव कसं लिहिलंय याने काही बिघडत नाही, दारावर कोणी ओळखपत्र मागत नाही. महत्त्वाचे दोनच आकडे: आरक्षण क्रमांक आणि फोन नंबर. थिएटरातल्या यंत्रात हे दोन टाकले की कागदी तिकीट बाहेर येतं. आता बऱ्याच ठिकाणी मेलमधला क्यूआर कोड थेट दाखवला तरी चालतं. तेव्हा तो मेल येईपर्यंत ते पान बंद करू नका, आणि क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

भारतातलं कार्ड चालेलच याची खात्री नाही. ओटीपी भारतातल्या नंबरवर जातो, तो नंबर इथे बंद असतो, आणि सीट धरून ठेवायची मिनिटं संपतात. ज्यांचा जपानी फोन नंबर किंवा कार्ड अजून आलेलं नाही त्यांनी सरळ थिएटरात जाऊन यंत्रावर रोख पैसे भरावेत. बहुतेक यंत्रांवर इंग्रजीचं बटण असतं. सगळ्या जागा क्रमांकाच्या, त्यामुळे रांगेत धक्काबुक्की नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं: एकदा काढलेलं तिकीट बहुतेक ठिकाणी बदलून मिळत नाही, परतही होत नाही. ताप आला, ऑफिसने थांबवलं, काहीही झालं तरी नाही.

पहिल्या दिवशी खेळाच्या पाऊण तास आधीच पोचले. दार खेळाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी उघडतं. तोवर लोक बाहेर उभे राहतात आणि पडदा क्रमांक अमुकचा प्रवेश सुरू झाला अशी घोषणा होते. सगळं जपानीत. मी फक्त आकडा ऐकायचा असं ठरवून उभी होते. ते पुरतं. आकडे पक्के करून जा.

खाण्याच्या काउंटरवर पॉपकॉर्न खारं, कॅरॅमल किंवा अर्धं-अर्धं मिळतं. समोसा नाही, मक्याचे दाणे नाहीत, बाहेरचं काही आत न्यायचं नाही. हे सगळं ते एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये देतात. ट्रेच्या खाली एक गोल उंचवटा असतो, तो खुर्चीच्या हातावरच्या ग्लासाच्या खळग्यात बसवला की ट्रे आडव्या फळीसारखा पक्का बसतो. मी आधी तो मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी आपला ट्रे उचलून पुन्हा खळग्यात बसवून दाखवला, मान तुकवली आणि परत पडद्याकडे बघायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दाराजवळच्या कपाटात पातळ पांघरुणंही असतात, मागायची गरज नाही, घ्यायची आणि जाताना ठेवायची. घ्याच, हिवाळ्यातसुद्धा मधल्या रांगांना गार लागतं.

जाहिराती आणि ट्रेलर संपत आले की डोक्याच्या जागी कॅमेरा असलेला एक माणूस पडद्यावर नाचायला लागतो आणि डोक्यावर लाल दिवा असलेला दुसरा त्याला पकडतो. हसू येतं, पण मामला गंभीर आहे. थिएटरात चोरून चित्रीकरण करण्याविरुद्धचा कायदा इथे ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे सिनेमाचं नाव पडद्यावर आलं की फोटो काढून स्टेटसला टाकायची सवय असते. ती विमानतळावरच सोडून या. फोन नुसता उजळला तरी मागच्या रांगेतून कोणीतरी घसा खाकरतं.

आणि शांतता. मास्क लावलेली शंभर-दीडशे माणसं, तेव्हा मास्क सगळीकडेच होते, मार्च २०२३ मध्ये ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले गेले. विनोदावर कोणी मोठ्याने हसत नाही, हिरो आला तर शिट्टी नाही. मला वाटलं लोकांना सिनेमा आवडला नसावा. संपल्यावर श्रेयनामावली सुरू झाली आणि एकही माणूस उठला नाही. कॉफी कोणी आणून दिली, गाड्या कोणी चालवल्या, सगळी नावं संपेपर्यंत अंधार, मग दिवे. मला आजही ही पद्धत थोडी जड जाते. पण मध्येच उठलात तर पूर्ण रांगेला पाय आखडून घ्यावे लागतात, म्हणून बसा. बाहेर पडताना दाराशी एक कर्मचारी मुलगी उभी होती. प्रत्येकाचा ट्रे घ्यायची, उरलेला बर्फ एका बादलीत, कागदी ग्लास दुसरीकडे, झाकण तिसरीकडे, आणि प्रत्येकाला धन्यवाद. तिच्यामागे ट्रेचा मनोरा सरळ रेषेत.

ऑफिसात सांगितलं तर एका सहकाऱ्याने विचारलं, "पूर्ण पैसे दिलेस?" मग कळलं की जाणकार माणूस इथे पूर्ण तिकीट क्वचितच काढतो. दर महिन्याच्या एक तारखेला सवलत असते. काही थिएटर-साखळ्यांची आठवड्यातून एका वारी असते, रात्री आठनंतरच्या खेळांना वेगळी, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर वेगळी, साठीच्या पुढच्यांना वेगळी. 'मुबिचिके' नावाचं आगाऊ तिकीट सिनेमा लागायच्या आधी घेतलं तर तेही स्वस्त पडतं. त्यावरच्या क्रमांकाने नंतर ऑनलाइन जागा निवडायची. आणि १ डिसेंबर हा तर सिनेमाचाच दिवस. १८९६ मध्ये कोबेत एडिसनच्या किनेटोस्कोप या यंत्रावर लोकांनी पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली, त्याची आठवण म्हणून १९५६ पासून हा दिवस पाळतात. २०२२ मध्ये त्या दिवशी बहुतेक थिएटरांत मोठ्यांना १००० येन होतं.

म्हणून १ डिसेंबर २०२२, गुरुवार. 'आरआरआर' २१ ऑक्टोबरला लागला होता आणि अजून जोरात चालू होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आदल्या आठवड्यापासून लक्ष ठेवून, विक्री उघडली त्या रात्रीच जागा धरली. अशा दिवशी दुपारपर्यंत थांबलात तर पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं.

इथे भारतीय सिनेमा म्हणजे हिंदीच असेल असं धरून चालू नका. 'आरआरआर' मूळ तेलुगूत होता, खाली जपानी पाट्या. हॉलमध्ये भारतीय चेहरा दुसरा कोणाचा दिसेना. तेलुगू मला येत नाही, जपानी पाट्या वाचून होईपर्यंत बदलायच्या. तरी सीताराम राजू, भीम, इंग्रज, वाघ, हे समजायला भाषा लागते कुठे? गंमत वेगळीच होती. 'नाटू नाटू' चालू असताना आजूबाजूला कोणी हलेना. मी मात्र बूट न आपटायचा प्रयत्न करत होते. मग शेजारी बघितलं तर साठीतल्या एका गृहस्थांचा हात मांडीवर ताल धरत होता, फक्त बोटं. अर्ध्यावर पडद्यावर मोठ्या अक्षरात मध्यंतराची पाटी आली. माझी मान सवयीने दाराकडे वळली. पाटी गेली, सिनेमा पुढे चालू. तीन तास सलग! जपानी थिएटरात मध्यंतर नसतं, आपल्या सिनेमालाही बहुतेक वेळा नाही. तेव्हा लांब भारतीय सिनेमाला जाताना पाणी बेताने प्या आणि जागा कडेची घ्या.

त्याच महिन्यात 'आरआरआर'ने इथला भारतीय सिनेमाचा कमाईचा जुना विक्रम मोडला. तो विक्रम रजनीकांतच्या 'मुथू'चा होता. १९९८ मध्ये शिबुयातल्या 'सिनेमा राइझ' या थिएटरात तो लागला आणि महिनोन्‌महिने उतरला नाही. ते थिएटर २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. ऑफिसातले निवृत्तीला टेकलेले एक सहकारी या गप्पांमध्ये आले, आणि त्यांनी 'मुथू'च्याही मागे नेलं. जिंबोचोच्या इवानामी हॉलने १९७४ मध्ये निवडक सिनेमे दाखवायला सुरुवात केली ती सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'ने. त्यांनी तो तिथे विद्यार्थी असताना पाहिला होता. तो हॉलही जुलै २०२२ मध्ये बंद झाला, मी यायच्या जेमतेम दोन महिने आधी. "तुम्ही उशिरा आलात," म्हणाले. हे मला 'मुथू'च्या विक्रमापेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून मी मोठ्या साखळ्यांइतकंच छोट्या थिएटरांकडेही लक्ष ठेवते. ताकादानोबाबाच्या वासेदा शोचिकुमध्ये एका तिकिटात दोन सिनेमे लागतात. शनिवारी दुपार अशी कारणी लागते की विचारू नका.

शांत बसायचा कंटाळा आला असेल त्यांच्यासाठी 'मसाला जोएइ' आहे. म्हणजे ओरडायला, टाळ्या पिटायला, घुंगरं वाजवायला परवानगी असलेला खेळ. ओसाकाच्या बाजूला आमागासाकीतलं त्सुकागुची सनसन थिएटर यासाठी सगळ्यात प्रसिद्ध. करोनाच्या काळात फक्त टाळ्या आणि वाद्यं चालायची, आवाज काढायचा नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात टोकियोतल्या अशा एका खेळाला गेले. साडी नेसलेल्या जपानी बायका, त्यांच्या निऱ्या माझ्यापेक्षा नीट! प्रत्येक पात्राच्या नावाचा जयघोष वेळेवर, कारण त्यांनी तो सिनेमा इतक्यांदा पाहिलेला की कुठे ओरडायचं हे पाठ. कागदाचे तुकडे उधळायला मिळतात, पण नियमावली आधी वाचा: काय उधळायचं, कधी उधळायचं, शेजाऱ्याला किती सांभाळायचं. संपल्यावर दिवे लागले आणि सगळे खाली वाकून कपटे वेचायला लागले. पिशव्या घरून आणलेल्या. माझ्याकडे पिशवी नव्हती, मागच्या मुलीने तिच्याकडची जादाची दिली.

त्याच वर्षी जूनमध्ये तोहो सिनेमाज या थिएटर-साखळीने नेहमीचं तिकीट २००० येन केलं आणि सवलतीच्या दिवसांचं १३०० येन. त्यांची बुधवारची सवलत सगळ्यांना मिळते, नुसती बायकांना नाही. बुधवारी ऑफिसातून वेळेवर निघायचं, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

आता ज्या भागासाठी मी हे लिहायला घेतलं तो. इंग्रजी आणि भारतीय सिनेमे बघायची वाट सापडली, पण जपानी सिनेमाचं काय? इंग्रजी पाट्या असलेले खेळ टोकियोत अधूनमधून असतात, मात्र मोजके. माझं जपानी तेव्हा एन थ्रीच्या, म्हणजे भाषेच्या परीक्षेतल्या पाचांपैकी मधल्या पातळीच्या, आसपास लटकलेलं. वाचलेलं समजतं, बोललेलं कानावरून निघून जातं, विशेषतः घरगुती, पुटपुटलेलं बोलणं. आणि जपानी सिनेमातली माणसं फार पुटपुटतात.

जपानी भाषेच्या वर्गातल्या एका बाईंनी सांगितलं की जपानी सिनेमेही जपानी पाट्यांसकट दाखवतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. मोठ्या सिनेमांचे असे खेळ मल्टिप्लेक्समध्ये काही ठराविक दिवशीच असतात, नावापुढे 'निहोंगो जिमाकु' असा शेरा असतो. आणि तबाता स्टेशनजवळ 'चुप्की' नावाचं एक थिएटर आहे, तिथे रोज, प्रत्येक सिनेमाला पाट्या असतात. वीसच जागा. २०१६ पासून चालू आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक खुर्चीला इअरफोन लावायची सोय आहे, त्यातून पडद्यावर काय चाललंय याचं वर्णन ऐकू येतं. लहान बाळ घेऊन आलेल्यांना काचेमागे वेगळी खोली आहे. वीस जागा म्हणजे आयत्या वेळी जाऊन भागत नाही. आधी नाव नोंदवा.

तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्या एका बाजूला पांढरी काठी घेतलेले आजोबा होते, दुसऱ्या बाजूला हातांनी गप्पा मारणारं एक जोडपं. पाट्यांमध्ये नुसते संवाद नसतात. दार आपटलं, दूरवर गाडी गेली, ती श्वास रोखते, हेही लिहिलेलं असतं, आणि बोलणाऱ्याचं नावही येतं. शब्द डोळ्यांनी वाचायचा आणि त्याच क्षणी कानाने ऐकायचा. वर्गात कित्येक महिने जे बसत नव्हतं ते तिथे बसायला लागलं. सगळं समजलं असं नाही. कांजी, म्हणजे ती चित्राक्षरं, आडवी यायची, एखादा प्रसंग पूर्ण निसटायचा. पण घरी जाताना गाडीतल्या दोन बायकांचं बोलणं कानावर पडलं आणि ते सासूबद्दल आहे हे मला कळलं! एक मात्र सांगते: हे खेळ आपल्यासाठी भाषेचा वर्ग म्हणून ठेवलेले नाहीत. वही काढून लिहीत बसू नका, मोबाइलवर शब्दकोश उघडू नका, आणि ज्यांची ही हक्काची जागा आहे त्यांना आधी बसू द्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आई-बाबा आले. व्हिसासाठी बोलावण्याचं पत्र, जामीनपत्र, माझा रहिवासी दाखला, कराचा दाखला, रोजचं वेळापत्रक, ती फाइल मी वेगळी कधीतरी लिहीन. त्या वेळापत्रकात मी एका दिवशी 'सिनेमा' असं लिहिलं होतं आणि कोणी हरकत घेतली नाही. ३ नोव्हेंबरला 'गोडझिला मायनस वन' लागला होता, बाबांना तो बघायचा होता. शिंजुकूच्या तोहो सिनेमाजच्या गच्चीवर गोडझिलाचं प्रचंड डोकं आहे. आधी त्याच्याखाली उभं राहून फोटो, मग तिकीट. साठीच्या पुढे असल्याने दोघांना १३०० येन. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवायची तयारी ठेवा. पाहुण्या व्हिसावर आलेल्यांनी पासपोर्ट तसाही सतत जवळ बाळगावा लागतो, कायदाच आहे. बाबांना मधुमेह, म्हणून कडेच्या जागा.

पाट्या नाहीत, सगळं जपानीत. मी हळूच अर्थ सांगेन असं ठरवलं होतं, पण त्या शांततेत कुजबुज करायची सोय नव्हती. मग येतानाच गाडीत गोष्टीचा आराखडा सांगून टाकला: युद्ध संपलंय, शहर जळालंय, हा वैमानिक जिवंत परत आलाय आणि त्याचीच त्याला लाज वाटतेय. तेवढ्यावर दोघं बसले. तासाभराने आई कानाशी आली.

"अगं, मध्यंतर कधी?"

"नसतं, आई."

"म्हणजे? चहा?"

बाबा नावं सुरू होताच उठायला लागले. "बसा बाबा, अजून नावं चाललीयत," म्हटलं. "कोण वाचतंय?" म्हणाले आणि आजूबाजूला बघून बसले. बाहेर आल्यावर वैमानिकाच्या शेजारच्या बाईबद्दल दोघांचा वाद सुरू झाला, ती त्याला आधी शिव्या का देते आणि नंतर तांदूळ का देते. आईचं उत्तर बरोबर होतं. तिला जपानीतलं एक अक्षर येत नाही.

मराठी सिनेमाचं विचाराल, तर तो इथे नेहमीच्या वेळापत्रकात सापडायचा नाही. मंडळं किंवा उत्साही मंडळी सभागृह नाहीतर एखादा पडदा तासांच्या हिशोबाने भाड्याने घेतात आणि एकच खेळ लावतात. तिकीट गूगल फॉर्मवर, पैसे बँकेत. तिथे मध्यंतर असतं, पण दहा मिनिटांचं, कारण ठरलेल्या मिनिटाला हॉल रिकामा करून द्यावा लागतो. वडे बाहेर, पदपथापासून जरा बाजूला उभं राहून खायचे. पोरं धावतात, गाण्याला लोक म्हणतात, आणि नावं सुरू झाली की सगळे उठतात. फॉर्म भरताना लहान मुलांची संख्या खरी सांगा, कारण खुर्च्या मोजून घेतलेल्या असतात. आणि पैसे पाठवलेत की खात्यावरचं कातकानातलं नाव फॉर्ममध्ये जसंच्या तसं लिहा, नाहीतर खजिनदार रात्री बारापर्यंत कोणता 'कुरुकारुनि' कोणाचा हे शोधत बसतो.